स्रोत: फ्लॅट क्रमांक अकरा

हेमा आगाशे यांनी कुणाची माफी मागितलेली मी पाहिलेली नाही, आणि त्यांच्या समोरच्या दारात राहून मला एकोणीस वर्षं झाली. रिक्षावाल्याची नाही, डॉक्टरांची नाही, नवऱ्याची तर नाहीच. म्हणून सोसायटीच्या कमिटीने त्यांच्याकडे लेखी माफी मागितली तेव्हा मी शिकवणीला सुट्टी दिली आणि सभेला पुढची खुर्ची धरली.

हेमाताई कर्वेनगरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं नियतकालिकं सांभाळायच्या. दर शुक्रवारी चांगल्या मजकुराची कात्रणं फलकावर लावायच्या आणि प्रत्येकाखाली लाल शाईने स्रोत लिहायच्या: अंक, तारीख, पान. स्रोत नसेल तर कात्रण लावायचं नाही. एकदा प्राचार्यांनी स्वतः आणून दिलेलं कात्रण त्यांनी याच कारणाने परत पाठवलं होतं.

निवृत्तीनंतर फलक गेला, सवय राहिली. आठवडाभर त्या इंटरनेटवर वाचत, ऐकत, बघत बसायच्या आणि शुक्रवारी सकाळी बरोबर अकराला आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आठवड्याची कात्रणं' टाकायच्या. पाच असायची. दोन मनाविषयी, दोन घराविषयी, एक करमणुकीचं. आलेलं पुढे ढकलणं नाही. स्वतः वाचून स्वतःच्या शब्दांत चार ओळी, खाली स्रोत. आपण किराणा आणायला जाऊन नेमकी साखर का विसरतो, नातवाला गोष्ट सांगताना मध्येच का थांबावं, कोणती मालिका तिसऱ्या भागानंतर सोडली तरी काही बिघडत नाही. शुभ सकाळच्या गुलाबांच्या ढिगात वाचण्यासारखं तेवढंच असायचं, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

तर एका शुक्रवारी चौथं कात्रण आलं ते अबोल्यावर.

'अबोला धरणाऱ्याला वाटतं, आपण गप्प आहोत. खरं तर तो दिवसभर भिंतीशी बोलत असतो. कुणाला हवा असेल तर चहा ठेवलाय. कुणीतरी पंखा बंद करा. राग पहिल्या आठवड्यातच संपतो. मग आधी कोण बोलतं याची शर्यत उरते आणि ती जिंकणाऱ्याशी बोलायला घरात कुणी उरत नाही.'

खाली स्रोत नव्हता. मला वाटलं, राहून गेला असेल.

दुपारपर्यंत इमारत पेटली. अध्यक्ष श्यामसुंदर लोणकर यांना वाटलं, हे त्यांच्या घरच्या सासू-सुनेवर आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या केदारला वाटलं, त्याच्यावर आणि त्याच्या वडिलांवर. आमची इमारत ज्यांच्या शेतावर उभी आहे त्या सरुबाईंनी मला फोन करून विचारलं, "त्ये चहाचं मी आमच्या ह्यांना बोलते, हेमाताईंना कुनी सांगितलं?"

लोणकरांनी ग्रुपवर जाहीर विचारलं, 'या मजकुराचा स्त्रोत काय?' दोन मिनिटांत हेमाताईंचं उत्तर: 'स्रोत. पहिल्या अक्षरात त नसतो.' मूळ प्रश्नाला उत्तर नाही. लोणकरांना मिरच्या झोंबल्या आणि रविवारी सभा लागली.

सभा पार्किंगमध्ये भरली. लोणकर म्हणाले की इमारतीतल्या खाजगी गोष्टी चव्हाट्यावर आल्या आहेत. हेमाताईंनी लेखी माफी मागून कात्रणं थांबवावीत, नाहीतर यापुढे ग्रुपवर फक्त कमिटी लिहील. हेमाताईंनी विचारलं की खाजगी गोष्टी कुणाच्या? ज्याच्या असतील त्याने नाव सांगावं, त्याची माफी त्या इथेच मागतील. आता आली का पंचाईत! तक्रार करायची तर आपल्या घरात अबोला आहे हे आधी कबूल करायला हवं. केदारने मोबाइलमध्ये डोकं घातलं. सरुबाई पदराशी चाळा करत बसल्या. लोणकर म्हणाले, प्रश्न तत्त्वाचा आहे. आमच्याकडे नाव घ्यायची लाज वाटली की प्रश्न तत्त्वाचाच होतो.

पण लोणकरही काही कच्चे नाहीत. "तुम्हीच सांगता ना, स्रोत नसेल तर कात्रण लावायचं नाही?" ते म्हणाले. "मग सांगा स्रोत."

हेमाताईंचा चेहरा पडला. त्यांना असं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला फार वाईट वाटलं, कारण एव्हाना स्रोत माझ्या लक्षात आला होता.

त्यांची एकुलती मुलगी स्वराली बँकेतली नोकरी सोडून स्टँडअप कॉमेडी करते, खडकीला भाड्याने राहते. दीड वर्षापूर्वी तिने सात मिनिटांचा एक कार्यक्रम इंटरनेटवर टाकला, 'आईची कात्रणं' नावाचा. डब्यातल्या चिठ्ठीखालीसुद्धा आई लाल शाईने स्रोत कशी लिहायची, पहिलं प्रेमपत्र शुद्धलेखन तपासून कसं परत मिळालं. लोक हसून हसून आडवे झाले. हेमाताईंना तो ग्रंथालयातल्या एका जुन्या मैत्रिणीने पाठवला. तेव्हापासून अबोला. दिवाळीला पोरगी घरी आली तर हेमाताईंनी भिंतीला सांगितलं की करंज्या डब्यात आहेत. मधल्यामध्ये श्रीनिवासराव, त्यांचे यजमान, निरोप्याचं काम करत राहिले.

पार्किंगमध्ये हेमाताई उठून उभ्या राहिल्या. "स्रोत शुक्रवारी अकराला सांगते," त्या म्हणाल्या. "माफी मागणार नाही आणि कात्रणं थांबणार नाहीत. ग्रुप बंद करायचा तर त्यानंतर खुशाल करा."

शुक्रवारी मी साडेदहापासून फोन हातात धरून बसले होते. अकराला कात्रणं आली. सर्वांत वर होतं:

'दुरुस्ती. गेल्या शुक्रवारी चौथ्या कात्रणाचा स्रोत दिला नव्हता. स्रोत: फ्लॅट क्रमांक अकरा, स्वयंपाकघर. अबोला धरणारी मी. सतरा महिने.'

आणि सर्वांत खाली पाचवं, करमणुकीचं. स्वरालीच्या कार्यक्रमाची लिंक. 'विनोद माझ्यावर आहे. चांगला आहे. तिसऱ्या मिनिटाला अतिशयोक्ती आहे, बाकी खरं. स्रोत: स्वराली श्रीनिवास आगाशे, माझी मुलगी.'

मी ते दोनदा वाचलं आणि रडले, लपवण्यासारखं काही नाही. पाच मिनिटांनी सरुबाईंचा आवाज ग्रुपवर आला: चहाचं वाक्य आमच्याबी घरातलं हाय, खाली आमचाबी नंबर लिहा. मग केदारने नुसतं लिहिलं, 'फ्लॅट सात.' लोणकरांनी घाईघाईने ग्रुप बंद केला. तो अजून बंद आहे.

हेमाताईंनी त्याच दुपारी पाचही कात्रणं कागदावर उतरवली आणि लिफ्टशेजारच्या फलकावर लावली, लाल शाईच्या स्रोतांसकट. लोणकरांनी रखवालदाराला काढायला सांगितलं. तो म्हणाला, अजून वाचून व्हायचंय.

शनिवारी मी भाजी घेऊन येत होते तर स्वराली फलकापुढे उभी होती. वडिलांनी कळवलं असणार. सगळं सावकाश वाचलं, पर्समधून लाल पेन काढलं आणि 'अतिशयोक्ती आहे' या शब्दांपुढे कंसात लिहिलं, 'स्रोत?' मग लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर गेली.

मी घरात येऊन भाजी निवडायला बसले. समोरच्या बंद दारातून हेमाताईंचा आवाज आला, की डब्यातल्या चिठ्ठीवर फक्त तारीख असायची, पान क्रमांक कधीच नव्हता. त्यावर स्वरालीचा आवाज, की चिठ्ठ्या जपून ठेवल्यात, आणून दाखवू का. मग दोघींचा एकदमच. अर्धा तास झाला तरी कुणी मागे हटेना.

थोड्या वेळाने बेल वाजली. दारात श्रीनिवासराव उभे होते, हात रिकामे, डोळे ओले.

"आत बसू का जरा?" ते म्हणाले. "दोघी थेट भांडतायत. मला काही कामच उरलं नाही."