डब्यातला दुसरा सेल

ती घटना आठवली की आजही माझी नजर आधी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीकडे जाते. पोलीस खात्यात मी बत्तीस वर्षं काढली. खून पाहिले, जाळपोळ पाहिली. पण खरोखर घाबरले ते एकदाच, आणि तेव्हा मी निवृत्त होऊन दुबईत मुलाच्या घरी होते, अंगावर गाऊन होता. या प्रकरणाची नोंद कुठल्याही ठाण्यात नाही. नावं मी कधीच लिहीत नाही, इथेही लिहिणार नाही. नातवंडांनो, तुम्ही ओळखालच.

२००८ ची मंदी येऊन चार-पाच वर्षं झाली होती. तुमचा बाबा ज्या बांधकाम कंपनीत होता, तिने माणसं कमी केली, त्यात त्याची नोकरी गेली. बरेच महिने घरी बसल्यावर त्याला इमारतींच्या देखभालीचं काम मिळालं. बर दुबईतलं घर सोडून तुम्ही इंटरनॅशनल सिटीतल्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आलात. तुमची आई क्लिनिकमध्ये नोकरीला, म्हणून मी तुमच्यापाशी. थोरली दुसरीत होती, धाकटा दोन वर्षांचा.

मी घर मुद्देमाल खोलीसारखं लावून टाकलं होतं. प्रत्येक स्टीलच्या डब्यावर चिठ्ठी. वरच्या फळीवरच्या गोल डब्यावर लिहिलं होतं 'किरकोळ'. त्यात सेफ्टी पिना, जुन्या चाव्या, सुटी नाणी, खिळे, शार्पनर. आपल्या प्रत्येक घरात असा एक डबा असतोच. थोरलीला मी एक खेळही शिकवला होता. घरात काही सापडलं की ते कागदात गुंडाळायचं, चिकटपट्टी लावायची आणि वर लिहायचं: काय, कुठे सापडलं, कोणाला द्यायचं. खेळाचं नाव 'मुद्देमाल'. तिला तो शब्द फार आवडायचा.

खबर मला तिनेच दिली. वेणी घालताना सहज म्हणाली, "आजी, बाबा हॅज अ मॅजिक पेन. स्मोक कम्स आउट. इट स्मेल्स लाइक मँगो."

"मराठीत सांग."

"मराठीत मॅजिक पेनला काय म्हणतात?"

मी हसले आणि वेणीला रिबिन बांधली. खबर मिळाली की वेळ घालून नोंद करायची आणि त्याच दिवशी पडताळायची, हे मी शेकडो शिपायांना शिकवलं. स्वतः मात्र नोंद केली नाही. का केली नाही, ते शेवटी सांगते.

त्यानंतर दोनच दिवसांनी. सकाळचे साडेनऊ झाले असतील. थोरली शाळेच्या बसने गेलेली, तुमचे आईबाबा कामावर, धाकटा आतल्या खोलीत झोपलेला. गाऊनचा हूक तुटला म्हणून मी 'किरकोळ' डबा काढला, पिन वर यावी म्हणून खडखडवला, पिन घेतली आणि डबा फळीवर परत ठेवला. दुधाखालचा गॅस बारीक करते तोच वरून आवाज आला. कुकरची शिटी व्हायच्या आधी येतो तसा, सुस्कारा. गॅस बंद केला. आवाज वाढला. मग झाकण उडून छताला आपटलं आणि डब्यातून दिवाळीतल्या अनारासारखी ज्वाळा निघाली. करड्या धुराचा लोट खाली आला. घशात असं काही जळजळलं की श्वास आत जाईना.

मी धाकट्याला चादरीसकट उचललं आणि जिन्याकडे धावले. खाली पठाण वॉचमन होता. त्याला आम्ही चाचा म्हणत असू.

"अम्माजी, सिलिंडर?"

"सिलिंडर नहीं! डब्बा!"

"डब्बा कैसे जलेगा?" असं म्हणतच तो जिन्यातला अग्निशामक घेऊन वर पळाला. थोड्या वेळाने खोकत खाली आला, डोळे लाल. "खलास, अम्माजी. खलास. बच्चा ठीक है ना?"

बच्चा ठीक होता. चादरीत डोकं खुपसून तो 'दूदू, दूदू' करत होता.

खिडक्या उघडून धूर गेल्यावर मी तो डबा चिमट्याने बाल्कनीत फरशीवर ठेवला, वर पाणी ओतलं, आणि पंचनामा करावा तसं एकेक पाहू लागले. काळ्या पिना, वितळलेलं प्लास्टिक आणि मधोमध बोटाएवढी एक नळी, तोंडाशी फाटलेली. मी मुलाला फोन केला. त्याची साइट जवळच होती. वीस मिनिटांत तो आला.

"आई, गॅस लीक होता का?"

"बस."

"मला परत जायचंय, सुपरवायझर..."

"बस म्हटलं ना." मी ती नळी ताटलीत घालून त्याच्यासमोर ठेवली. "हे काय आहे?"

"मला काय माहीत."

"खोटं बोलताना तू डावा कान चोळतोस. आठवीपासून."

त्याने हात खाली घेतला. गुन्हेगाराला सगळ्यात अवघड जातं ते गप्प बसलेल्या अधिकाऱ्यासमोर गप्प बसणं. मी काही बोलले नाही. मिनिटाभरात तो म्हणाला, "सेल आहे. रिचार्जेबल. सिगारेट सुटावी म्हणून एक मशीन घेतलं होतं, वाफेचं. एकाने बाहेरून आणून दिलं. इथे विकायला बंदी आहे ना."

"हा सेल त्याच्याबरोबर आला?"

"नाही. जुन्या लॅपटॉपची बॅटरी फोडली, त्यातून काढला. मशीनचे सेल महाग, आणि मी इंजिनिअर आहे म्हटलं. काढताना वरचं प्लास्टिक थोडं खरवडलं. पण आई, तो डब्यात कसा गेला? मी सोफ्याच्या गादीखाली लपवला होता."

या प्रश्नाचं उत्तर तपासी अधिकाऱ्यापाशीच होतं. आदल्या संध्याकाळी सोफा झाडताना मला तो तिथे सापडला होता. सेल दिसला की डब्यात, वस्तू जागच्या जागी. स्टीलच्या डब्यात, चाव्या-नाण्यांच्या मधे. त्या सेलचं सगळं अंग म्हणजे विजेचं ऋण टोक असतं, आणि प्लास्टिकचा पातळ अंगरखा फाटला की चावी किंवा नाणं आडवं पडून शॉर्टसर्किट व्हायचा अवकाश. मी तर सकाळी डबा चांगला खडखडवला होता.

"मीच ठेवला," मी म्हणाले.

तो ताटलीवर वाकला. मग त्याचा चेहरा उतरला. "दोन होते, आई. मशीनला जोडीने लागतात."

मीही डब्यात दोन टाकले होते, पण धुराच्या गडबडीत मोजायचं सुचलं नव्हतं. ताटलीत एकच नळी होती.

आम्ही डबा पुन्हा उपसला. फळी, ओटा, ओट्याखालचं कपाट, कचऱ्याची पिशवी. दुसरा सेल नव्हता. चोरीच्या तपासात मी एक पद्धत पाळत असे: काय आहे ते सगळेच मोजतात, काय नाही ते आठवा. मी डोळे मिटून तो डबा आठवला. पिना होत्या, चाव्या होत्या, नाणी होती. शार्पनर नव्हता. तो पितळेचा होता, जळून नाहीसा होणार नव्हता.

आणि मला सकाळचा आवाज ऐकू आला. "आजी, शार्पनर?" पोळी भाजता भाजता, मागे न बघता मी म्हणाले होते, "स्टुलावर चढ आणि डब्यातून घे."

शार्पनरबरोबर तिने तो सेलही उचलला असणार, आणि तिची कंपासपेटी पत्र्याची होती. आत कर्कटक, पट्टी, लोखंडी टोकं.

"शाळेला फोन लाव," मी म्हणाले.

रिसेप्शनवरच्या बाईंनी आधी विद्यार्थिनीचा सेक्शन विचारला. मुलाच्या हातून फोन घेऊन मी इंग्रजीत, ठाण्यात बोलायचे तशी, चार वाक्यं बोलले: दप्तर वर्गाबाहेर न्या, मोकळ्या जागेत ठेवा, उघडू नका, मुलांना लांब ठेवा. "वन मोमेंट, मॅडम," असं म्हणून त्यांनी होल्डवर टाकलं, आणि फोन कट झाला. परत लावला तर एंगेज.

धाकट्याला खालीच राहणाऱ्या चाचाच्या बायकोकडे सोडून आम्ही गाडीत बसलो. सिग्नलला गाडी थांबली की मला दिसे ते पत्र्याच्या पेटीचं उडालेलं झाकण, आणि त्यावर वाकलेलं डोकं. ती वाचायला वाकली की वेणी पुढे येते. रिबिन नायलॉनची.

"इन्शाल्ला काही होणार नाही," मुलगा म्हणाला. तो हे सारखं म्हणत होता. मग एकदम म्हणाला, "तू विचारलं का नाहीस, आई? सोफ्याखाली मिळालं तेव्हा?"

"तू सांगितलं का नाहीस?"

मी शाळेचा नंबर पुन्हा लावला. एंगेज.

गेटवरचा सिक्युरिटीवाला "अपॉइंटमेंट, मॅडम?" म्हणेपर्यंत मी आत होते. मैदानाच्या टोकाला वाळूत गुलाबी दप्तर एकटं पडलं होतं. पलीकडे भिंतीच्या सावलीत मुलं ओळीने उभी, आणि ओळीबाहेर बाईंचा हात धरून थोरली, रडून रडून हुंदके देणारी. तिला वाटलं होतं, चोरी केली म्हणून पोलीस-आजीला बोलावलंय.

"आजी, आय वॉज गोइंग टु गिव्ह इट बॅक! आय प्रॉमिस!"

मी तिला दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं, केस, कान, बोटं. मग मुलगा दप्तरापाशी गेला. मी नको म्हणाले, तरी गेला. कंपासपेटी उघडून तो वाकून बराच वेळ पाहत राहिला आणि हात वर करून मला बोलावलं.

कर्कटकाला लागून एक जाड पुडी होती. वहीचा कागद तीन पदरी गुंडाळलेला, दोन्ही टोकं दुमडून चिकटपट्टीने घट्ट बंद केलेली. वर पेन्सिलीने, वाकड्या इंग्रजी अक्षरांत: बॅटरी. आजीच्या डब्यात सापडली. बाबाला देणे.

ज्या नियमाने मुद्देमाल सुरक्षित राहतो तो नियम सात वर्षांच्या मुलीने पाळला होता. बत्तीस वर्षांच्या नोकरीने पाळला नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते तुमच्या उपयोगाचं आहे. त्या शनिवारी मी मुलाबरोबर टॉर्च आणि बॅटऱ्यांच्या दुकानात गेले आणि तासभर दुकानदाराची उलटतपासणी केली. शेवटी तो मुलाला म्हणाला, "हबीबी, मम्मी पुलिस में है क्या?" त्याच्याकडून कळलं ते असं. लॅपटॉपचे सेल अशा मशीनसाठी नसतातच. ते हळूहळू वीज देण्यासाठी केलेले असतात आणि मशीन एका दमात ओढतं. नामांकित कंपनीचा सेलच घ्यावा, आणि सलग किती अँपिअर झेपतात ते कंपनीने लिहिलेलं पाहावं. ज्या स्वस्त सेलवर बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आकडा छापलेला असेल, त्याला संशयित समजावं. दोन लागत असतील तर एकाच वेळी घेतलेली जोडी, नवा-जुना एकत्र नाही. चार्जर प्रत्येक सेलला वेगळा खण असलेला, भरल्यावर आपोआप थांबणारा. चार्जिंग फरशीवर, माणूस जागा आणि समोर असताना. गादीवर नाही, उन्हात तापलेल्या गाडीत नाही. अंगरखा फाटला, सेल दबला, गरम झाला की तो वापरायचा नाही, कचऱ्यातही टाकायचा नाही. जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या ठिकाणी द्यायचा. आणि सुटा सेल कायम प्लास्टिकच्या डबीत. ती डबी दोन दिरामला होती. "म्हणजे तीस रुपये," मुलगा सवयीने म्हणाला.

त्याने ते मशीन सोडलं, पुन्हा घेतलं, पुन्हा सोडलं. पण गादीखाली काही लपवलं नाही. फळीवरचा काळा डाग आम्ही रंगवला, तरी तिथून जाताना मी श्वास रोखत असे.

आता मी त्या खबरीची नोंद का केली नाही ते. मुलाच्या शर्टाला येणारा गोड वास मला महिनाभर आधीच आला होता. तो तासन्तास बाल्कनीत उभा राहतो हे दिसत होतं. नोकरी गेल्यापासून त्याची मान जरा खाली झाली होती, आणि मला वाटे, आता आणखी एका प्रश्नाने ती पुरती झुकेल. म्हणून विचारलं नाही. दुसऱ्यांच्या मुलांना दरडावून विचारणारी मी, स्वतःच्या मुलाच्या उत्तराला भ्यायले. सोफ्याखाली दोन सेल मिळाले तेव्हा फक्त एवढंच विचारायचं होतं: हे काय, आणि कोणाचं? ते न विचारता मी त्यांना डब्यात बंद केलं आणि घर आवरल्याचं समाधान मानलं.

थोरले, गेल्या रविवारी व्हिडिओवर तुझ्या मागे खिडकीत तसंच एक वाफेचं मशीन दिसलं. शेजारी उशीवर चार्जर होता, त्यावर दिवा लागलेला. मी पाहिलं हे तूही पाहिलंस, आणि कॅमेरा वळवलास. मी रागावलेले नाही. पण हे पत्र मिळाल्याच्या दिवशी मला फोन कर. माझे प्रश्न लिहून तयार आहेत: काय, कुठे ठेवतेस, आणि चार्जिंगला लावून झोपतेस का. या वेळी मी विचारणार आहे.