कशेळ्याची खोटी ताई

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. ऑफिसात सांगायची वेळ आली होती, तेव्हा — पण ते पुढे येईलच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या माझ्यासमोर बसून डबा खाणार नाही.

मी कर्जतला एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅम लिहितो. बेकरीच्या वरचा मजला, आम्ही सहा जण. नऊ वर्षं तिथे मीच सगळ्यांत हुशार होतो. सगळे तसं मानायचे, मीही मानायचो. मग खालापूरहून सबीहा आली. वडिलांचं मोटार वाइंडिंगचं दुकान, घरात या लाइनला आलेली हीच पहिली. मला ‘दादा’ म्हणायची. अडलं की खुर्ची ओढून शेजारी बसायची आणि समजलं की लगेच उठायची. मला तिचं कौतुक होतं — खरंच होतं का? की ती माझ्याकडून शिकतेय, याचंच होतं?

वर्षभरात तिचं विचारणं थांबलं. आमचे सर, म्हणजे मालक, पूर्वी प्रत्येक गोष्टीत “तुला काय वाटतं?” असं मला विचारायचे. आता म्हणू लागले, “सबीहाला एकदा दाखव.” ती रजेवर असली की माझा दिवस बरा जायचा. एखादी चूक सापडेल म्हणून मी डबा खाता खाता तिचं काम उघडून वाचायचो. चूक सापडायची नाही, आणि मग डबाही गोड लागायचा नाही.

त्या सुमारास आम्ही एका संस्थेसाठी काम करत होतो. गावोगावच्या आरोग्यताई घरोघरी जातात. कोण आजारी, कुणाला कसलं औषध चालू, हे फोनवर लिहितात. नियम एकच — ज्या गावची ताई, तिला त्याच गावची माणसं दिसावीत. कुणी माहिती मागितली की तिला काय दाखवायचं हे ठरवणारा भाग, कंट्रोलर म्हणतात त्याला, मी लिहिला होता. त्यात मी एवढंच बघत होतो, की ताई लॉगिन झालेली आहे ना. ती कुठल्या गावची, हे बघायचं राहून गेलं होतं.

अशा भागाची टेस्ट घ्यायला खरी ताई आणून बसवत नाहीत. एक खोटी ताई बनवायची, ही लॉगिन झालीय असं प्रोग्रॅमला भासवायचं, आणि तो तिला काय दाखवतो ते बघायचं. बरोबर वागला की टेस्ट हिरवी, चुकला की लाल. माझी एकच खोटी ताई होती, शेलू गावची. शेलूची ताई, शेलूचेच पेशंट, मग काय — सगळं कायम हिरवं. सबीहानं दुसरी बनवली, कशेळ्याची, आणि तिच्या नावानं शेलूच्या पेशंटची माहिती मागितली. नकार मिळायला हवा होता. माझ्या प्रोग्रॅमनं माहिती देऊन टाकली. टेस्ट लाल झाली.

“दादा, शेलूची पोरगी उद्या कशेळ्यात द्यायची म्हटली तर? तिथली ताई आधीच सगळं वाचंल. आपल्याकडं लग्नं अशीच जुळतात ना, या गावाची त्या गावाला.”

इतकं साधं होतं. माझीच भाची अशी दिलीय, तरी मला सुचलं नव्हतं. आणि त्या क्षणी मला चूक दिसलीच नाही. दिसलं ते एवढंच, की हिला सुचलं.

“मी बघतो,” म्हणालो. ती जेवायला गेली. दुरुस्तीला दोन ओळी पुरल्या असत्या. पण मग सोमवारच्या मीटिंगमध्ये सर म्हणाले असते, सबीहानं पकडलं. म्हणून मी एकच ओळ बदलली — माझ्या प्रोग्रॅममधली नव्हे, तिच्या टेस्टमधली. कशेळ्याच्या ताईचं लॉगिन काढून टाकलं. नाव तसंच ठेवलं, आत कोणीच नाही. लॉगिन नसलेल्याला माझा प्रोग्रॅम दारातूनच परत पाठवायचा. नकार हवा होता, नकार मिळाला. हिरवं.

ती आल्यावर म्हणालो, “तुझी ताई नीट बनली नव्हती. आता बघ.” तिचा चेहरा उतरला. “असं व्हय,” म्हणाली. मला आनंद झाला. पुढचे काही दिवस ती पुन्हा खुर्ची ओढून शेजारी बसू लागली आणि मी तिला फार प्रेमानं समजावत होतो.

चार महिन्यांनी ती म्हणाली होती तसंच झालं. शेलूची एक मुलगी, टीबीचं औषध चालू, बरी होत आलेली. सोयरीक कशेळ्याची. मुलाची चुलतीच तिथली आरोग्यताई. तिनं फोनवर मुलीचं नाव टाकलं. आठवड्याभरात मुलीकडच्यांना नकाराचा निरोप गेला, कारणासकट. त्यांनी संस्थेला जाब विचारला, संस्थेनं आम्हाला.

कोणती ओळ कुणी, कधी बदलली याची नोंद आमच्या कामात कायम राहते. ती काढून बघायचं काम सरांनी कुणाला दिलं असेल? “तू जुना माणूस, बघ कुणाचं चुकलंय.” मी बघितलं. माझं नाव होतं. वेळही होती, जेवणाची. बाहेर येऊन मी म्हणालो, “हे टेस्टमध्ये पकडलं जायला हवं होतं. टेस्ट सबीहानं लिहिलीय.” यात खोटं एक अक्षर नव्हतं.

सरांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं. ती माझं नाव घेणार, म्हणून मी उत्तरं तयार करून बसलो होतो. तिनं नाव घेतलंही.

“दादांनी बघून दिलं होतं, म्हणून मी परत उघडलं नाय. उघडायला पायजे होतं. चूक माझीच हाय, सर.”

मी मान डोलावली. महिनाअखेर ती काम सोडून गेली.

मग मी त्या दोन ओळी लिहिल्या. मीटिंगमध्ये सरांनी माझी पाठ थोपटली. दुरुस्ती करताना शेलूच्या त्या मुलीची माहिती उघडली गेली. मीही ती शेवटपर्यंत वाचली. तिचं नाव मला पाठ आहे.

सबीहा वर्षभर वडिलांच्या दुकानात बसत होती. मागच्या महिन्यात कळलं, तिला पनवेलला काम मिळालं, माझ्यापेक्षा वरच्या जागेवर. ऐकून मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच, की ती पुन्हा माझ्या वर गेली. डबा तसाच बंद करून ठेवला.