वहिनीची ओळ

माझे वडील टपाल खात्यात होते आणि नोकरीत असल्यापासून वसईतल्या एका छोट्या पाक्षिकासाठी गूढ शब्दकोडं रचत. गूढ म्हणजे ‘कमळाला दुसरा शब्द सांगा’ असलं कोडं नव्हे. त्यातलं प्रत्येक सूचक वाक्य वरून एक सांगतं आणि आत दुसरंच ठेवतं. आमच्या घरात त्या वाक्याला ‘ओळ’ म्हणत.

मला पहिली ओळ त्यांनी घातली तेव्हा मी पाचवीत होते. ‘डाव उलटला की खायला मिळतो. दोन अक्षरं.’ मी दुपारभर पत्ते, सोंगट्या, लगोरी यांचा विचार करत बसले. शेवटी त्यांनी माझ्यासमोर तळहात धरला आणि सावकाश पालथा केला.

“डाव. आता शेवटाकडून वाच.”

“वडा,” मी म्हणाले, आणि मला एवढं हसू आलं की आई आतून बघायला आली.

तेव्हापासून कोडं पाक्षिकाकडे जाण्याआधी माझ्याकडे यायचं. “तुला सुटली आणि पटली, तरच ओळ जाणार,” असं ते म्हणायचे. लग्न होऊन मी विरारला सातव्या मजल्यावर राहायला आले तरी ते चालू राहिलं. दर रविवारी मी माहेरी जायची. वाडीतल्या केळींना पाणी देऊन झालं की बाबा ओटीवर वही उघडायचे आणि आम्ही दोघं जेवणापर्यंत उठायचो नाही. धाकट्या भावाला यातलं काही गोडीचं वाटलं नाही. मला त्याचं बरंच वाटायचं.

भावाने लग्न केलं पाचूबंदरच्या कोळ्यांच्या मुलीशी. ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण मी तिला रीतीप्रमाणे वहिनी म्हणते आणि ती मला ताई. बोलताना ती ‘पानी’ म्हणायची, ‘कोन आलं’ म्हणायची. मी मनात दर वेळी ते दुरुस्त करायची. खोटं कशाला सांगू, कधी कधी मोठ्यानेही करायची.

मग बाबांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला. माणूस ओळखू यायचा, अक्षर मात्र दिसेना. कोडं बंद पडणार असं मी धरून चालले होते. पण एका रविवारी गेले तर वही वहिनीच्या मांडीवर होती. एका बाजूला ती वाल सोलत होती. बाबांनी मला नवी ओळ ऐकवली, “हाच उलटा केला की तरतरी येते. दोन अक्षरं.”

मी विचार करत होते, तेवढ्यात वहिनी हळूच म्हणाली, “चहा.”

“नको, आत्ताच घेऊन निघाले,” मी म्हणाले.

बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग ते वहिनीकडे वळले आणि हवेत तळहात धरून सावकाश पालथा केला. मी तो हात बघत राहिले. चाळीस वर्षं मला वाटत होतं, ते फक्त माझ्यासाठी आहे.

त्या दिवसापासून माझं काहीतरी बिघडलं. मी रविवारी पोचायची तोवर कोडं रचून झालेलं असायचं. “सोमवारीच झालं गं,” बाबा म्हणायचे, “हिला वेळ होता.” दोघं बोलता बोलता मध्येच एखादा शब्द तोडायची, उलटवायची, हसायची, आणि मला तो शब्द कुठून आला हेच कळायचं नाही. माझी भाजी नेहमीपेक्षा खारट होऊ लागली, असं नवरा म्हणाला. मी रविवार टाळायला लागले. मात्र पाक्षिक विरार स्टेशनबाहेरच्या स्टॉलवरून न चुकता घ्यायची आणि बाबांची चूक शोधत कोडं सोडवायची.

एका अंकात ओळ होती : ‘सगळ्यांना एक असतं, कोळ्याला दोन.’ अक्षरं दोन. मी जाळी म्हटलं, टोपी म्हटलं. भात उतरवताना एकदम कळलं. नाव. एक हाक मारायचं, आणि दुसरी समुद्रात न्यायची. मी तशीच बाबांना फोन लावला.

“वर्षभरातली सगळ्यांत सुंदर ओळ,” मी म्हणाले. “एकही शब्द फुकटचा नाही. असं तुम्हालाच सुचतं.”

“आवडली का?” बाबा म्हणाले. “बरं झालं.”

पुढच्या रविवारी मी आनंदाने गेले. बाबा आंघोळीला गेले होते, वही ओटीवर उघडी होती. त्या पानावर वहिनीच्या अक्षरात ती ओळ होती आणि तिच्याच वर आठ-दहा खोडलेल्या ओळी. ‘कोळ्याकडे दोन, माझ्याकडे एक.’ ‘बारशाला मिळतं, बंदरात लागते.’ सांगितलेलं लिहून घेणारा माणूस असं खोडत नाही.

बाबा आले. वहिनी त्यांचा चष्मा पुसून देत होती. मी म्हणाले, “ती नावाची ओळ चुकलेली आहे.”

“होडी ती नाव, स्त्रीलिंगी. ‘असतं’ तिला लागूच पडत नाही. आणि कोळी होडीला नाव म्हणतात तरी का?”

“नाही म्हनत,” वहिनी म्हणाली. “आमच्यात बोटच म्हनतात.”

“मग?”

बाबांनी माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड केलं. “बाय, परवा फोनवर तू याच ओळीला सगळ्यांत सुंदर म्हणालीस.”

माझे कान तापले. तोवर वहिनी वही घेऊन खाली बसली होती. “ताईंचं बरोबर आहे,” ती म्हणाली. “‘असतं’ नकोच. ‘सगळ्यांना एक, कोळ्याला दोन.’ एवढंच बास.” आणि तिने तो एक शब्द खोडला. ओळ आधीपेक्षा चांगली झाली. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी विहिरीकडे गेले.

थोड्या वेळाने ती हंडा घेऊन तिथे आली.

“मीच बाबांना सांगू नका म्हटलेलं,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत नसताना सुटली आणि पटली, तर ती खरी, असं वाटलं. तुम्ही फोन केलात त्या दिवशी मी जेवलेच नाही नीट.”

मी हंड्याला हात लावला. माफी मागायचं मनात होतं, पण जीभ वळली नाही. आम्ही पाणी भरून आत गेलो, जेवलो, आणि मी चारच्या बसने परत आले.

आठवडाभर मी एक ओळ जुळवत होते. शुक्रवारी ती फोनवर तिला लिहून पाठवली : ‘हे पाहून शाबासकी देते, पण आतून जळते. दोन अक्षरं.’

दहा मिनिटांत तिचा फोन आला.

“‘हे’ आहे तसंच,” ती म्हणाली. “शाबासकी म्हणजे ‘वा’.” जोडलेला शब्द तिने उच्चारला नाही. मग विचारलं, “ताई, फोनवरची शाबासकी खरी होती ना?”

“ती खरी होती.”

“मग झालं तर.”

बाबांना ती ओळ छापायची होती, मी नको म्हटलं. आता वहिनी दर बुधवारी मला कच्चं कोडं पाठवते आणि मी प्रामाणिकपणे तपासते. ओळ बेताची असली तर लगेच उत्तर देते. फार चांगली असली तर आधी पोळ्या करते, कपडे वाळत घालते, आणि मन जरा निवलं की मग ‘सुटली, पटली’ लिहिते. वहिनीला हे कळलेलं असावं. परवा तिने विचारलं, “ताई, मंगळवारी पाठवत जाऊ का? तुम्हाला वेळ लागतो.”