मैदानाखालची बोडी

बाबांचा काचबिंदू वाढला त्याच वर्षी आमच्या कार्यालयात भंडाऱ्याच्या नव्या क्रीडा संकुलाचं काम आलं. मी तिथं आरेखक आहे. आराखडा पुढच्या वीस वर्षांचा होता. आधी धावपट्टी आणि समाजभवन, मग कबड्डी-खोखोची मैदानं, पुढे पोहण्याचा तलाव, आणि सगळ्यात शेवटी वाचनालय. जागा शहराच्या कडेची, बाबांच्या जुन्या शाळेचं मैदान आणि त्याला लागून असलेली पडीक जमीन. शाळा केव्हाच दुसरीकडे गेली होती. बाबा तिथं आयुष्यभर पीटीचे सर होते.

डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं आणि मला मोजणीसाठी सकाळी जागेवर जावंच लागायचं. म्हणून मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेऊ लागले. हिवाळ्याचे दिवस होते. वैनगंगेवरून धुकं चढून यायचं, कारध्याचा काठ दिसेनासा व्हायचा. रस्त्यानं जवाहरनगरची बस जायची तीही नुसता पिवळा उजेड होऊन. बाबांना एरवीही सगळं तसंच पुसट दिसायचं. त्या धुक्यात आम्ही दोघं सारखेच व्हायचो.

माझा दंड धरून चालताना ते विचारायचे, आता आपण कुठं आलो. मी हातातला नकाशा पाहून सांगायची की ही धावपट्टी, डावीकडे प्रेक्षकांच्या पायऱ्या. मग ते डावी बाजू जरा चोरून चालायचे, पायरी गुडघ्याला लागू नये म्हणून. वाचनालयाच्या जागी आले की आवाज खाली आणायचे. पोहण्याच्या तलावापाशी एकदा त्यांनी चपलाही काढल्या. मला हसू आलं, पण ते हसले नाहीत. पुढे पुढे मलाही तणामध्ये भिंती उभ्या दिसू लागल्या. एकटी असले तरी मी समाजभवनात दाराच्या बाजूनंच शिरायची.

त्या समाजभवनाच्या जागीच एका सकाळी ते थांबले. तळपाय जमिनीवर घासून पाहिला, थोडं पुढे सरकून पुन्हा घासला.

"इथं काय येऊन राहिलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, दोन मजली समाजभवन.

"इथं नोको बांधू."

"काहून, बाबा?"

त्यांनी पुन्हा एकदा टाच रोवून पाहिली. मग म्हणाले, "इथं बोडी होती. मीनंच बुजवली."

बोडी म्हणजे छोटं तळं. आमच्याकडे वस्तीलगत अशा बोड्या असतात. बाबा नवीन नोकरीला लागले तेव्हा शाळेला मैदान नव्हतं, आणि ही बोडी उन्हाळ्यात आटायची. एका उन्हाळ्यात त्यांनी पोरांना घेऊन टोपल्या टोपल्या मुरूम आणून ती भरली. गावानं नारळ देऊन त्यांचा सत्कार केला. त्या बोडीत एक विधवा बाई शिंगाडे लावायची आणि उकडून शाळेच्या फाटकापाशी विकायची. भराव पुरा झाला त्या दिवशी ती काठावर येऊन उभी राहिली. बाबांना वाटलं, बघायला आली असेल. धूळ उडेल, मागे सरका, एवढंच ते तिला बोलले. त्यानंतर ती फाटकापाशी बसली नाही. भावाकडे करडीला गेली, असं कुणीतरी सांगितलं.

"मले तवा समजलं होतं," बाबा म्हणाले, "पन पोरं इतकी खुश होती का मी तिच्याकडे गेलोच नाही."

आम्ही तिथंच गवतात बसलो. धुकं पातळ झालं आणि मघाशी जिथं भिंती होत्या तिथं नुसतं मोकळं मैदान दिसू लागलं.

कार्यालयात मी साहेबांना सांगितलं. ते रागावले नाहीत. पण मोजणीच्या नकाशात बोडी नाही, आणि कुणाच्या पायाला जमीन नरम लागली म्हणून आराखडा बदलता येत नाही, असं म्हणाले. मी एकच खड्डा मारून पाहण्याची परवानगी मागितली. साहेबांसमोरच खणलं, तेव्हा मुरुमाचा थर संपला आणि खाली काळा गाळ लागला. गाळात गोगलगाईंचे शंख होते. साहेबांनी त्यातला एक उचलला, रुमालानं पुसला आणि खिशात ठेवला. पुढच्या आठवड्यात समाजभवन रस्त्याकडच्या उंचवट्यावर सरकलं. जुन्या जागी बोडी पुन्हा खोदायची ठरली, दोन बाजूंनी बसायला पायऱ्या. तो निळा लांबट गोल मी काढला तेव्हा हात फार हळू चालला होता.

बाबांनी करडीला जायचा हट्ट धरला. ती बाई आता नव्हती. तिची भाची भेटली, तीही मोहाडीच्या बाजारात शिंगाडे विकणारी. अंगणात खाटेवर बसून बाबांनी तिला काही न लपवता सगळं सांगितलं. तिनं मान खाली घालून ऐकलं. आत्या त्या बोडीचं नाव काढायची, शेवटपर्यंत काढायची, असं ती म्हणाली. माफीचं काही बोलली नाही, बाबांनीही मागितली नाही. आम्ही उठलो तेव्हा तिनं विचारलं, "बोडी खरंच होऊन राहिली का, सर?"

"होऊन राहिली."

"मंग बेनं लागलं त सांगजा."

बोडी गेल्या उन्हाळ्यात खोदून झाली आणि पोळ्यापर्यंत भरली. भाची शिंगाड्याच्या वेलांच्या दोन टोपल्या घेऊन आली, लुगडं खोचून कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि पायाच्या बोटांनी एकेक वेल गाळात रोवत गेली. बाबा पायरीवर बसून पाण्याच्या आवाजाकडे तोंड करून होते. तिचं काम संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. जेवायची वेळ टळून गेली तरी मी त्यांना हाक मारली नाही.

समाजभवनाचा पाया आता भरून झाला आहे. धावपट्टीची माती अजून बसायची आहे. वाचनालय उभं राहील तेव्हा मी नोकरीत नसेन, आणि माझ्या रेषांवर दुसरंच कुणी काम करत असेल. सध्या आम्ही खोखोच्या मैदानाच्या खुंट्या ठोकतो आहोत. उत्तरेची बाजू झाली, दक्षिणेची उद्या.