घाण जाऊ दे

आमच्या घरात बाळंतिणीच्या रक्ताला रक्त म्हणत नसत, घाण म्हणत. नऊ महिने साठलेली घाण जाते, जितकी जाईल तितकं अंग मोकळं होतं, असं सासूबाईंचं ठाम मत होतं, आणि पिंपळे गुरवातल्या आमच्या आळीत कुणाचंही मत याहून निराळं नव्हतं. मला आजही त्या एका शब्दाचा राग येतो.

थोरल्या जाऊबाई बाळंत झाल्या तेव्हा मी नुकतीच लग्न होऊन आले होते. त्या घरात माझी थट्टा करणाऱ्या त्या एकट्याच. माझ्या भाकरीला नकाशा म्हणायच्या आणि वर तीच मागून घ्यायच्या. त्या दिवशी दीर पहिल्या शिफ्टला गेले आणि जाऊबाईंच्या कळा सुरू झाल्या. उन्हं अंगणात येईपर्यंत मुलगा झाला, वारही पडली. कंपनीच्या गेटवर निरोप गेला आणि सुईण हात धुऊन चहा प्यायला बसली.

खोलीच्या कोपऱ्यात गोणपाट टांगलं होतं. भिजलेले धुडके त्यामागे टाकायचे आणि विटाळाचे म्हणून कुणी त्यांच्याकडे बघायचं नाही, अशी रीत. मी दारातून जुनं लुगडं फाडफाडून आत देत होते. ते संपत आलं तेव्हा मी भीतभीत विचारलं, "आत्याबाई, जास्तच जातंय का?"

"घाण हाय ती, जाऊ दे. आत ऱ्हायली तर बाधंल," सासूबाई म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या. सुनेच्या उशाशी बसून तिचं कपाळ पुसत होत्या. त्यांची स्वतःची सगळी बाळंतपणं अशीच झाली होती.

जाऊबाईंनी पाणी मागितलं. ओल्या बाळंतिणीला गार पाणी नको म्हणून त्यांना ओव्याच्या पाण्याचे दोन घोट मिळाले. मग त्या म्हणाल्या, "मला दिसंना झालंय." तोंड पांढरंफटक पडलं होतं. सुईण पोट दाबायला लागली, कुणीतरी टेम्पो आणायला धावलं. टेम्पो बोळाच्या तोंडाशी आला तोवर सगळं आटोपलं होतं. पाठोपाठ दीर आले, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. त्यांना मुलगा झाला एवढंच कळलं होतं.

दिरांनी दुसरं लग्न केलं नाही. पोर माझ्या पदराखाली वाढलं. माझ्या बाळंतपणाची वेळ आली तेव्हा दीर अडून बसले, "घरात न्हाई व्हायचं आता." म्हणून मला चिंचवडच्या एका प्रसूतिगृहात नेलं. मूल झाल्याबरोबर नर्सनं मला सुई टोचली. ती कशाची, असं सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंना नंतर विचारलं.

"रक्त कमी जावं म्हणून, मावशी. मूल झाल्यावर पिशवी आवळली नाही तर बाई रक्त जाऊनच दगावते. या सुईनं ते टळतं. नुसतं ऐकीव नाही, ठिकठिकाणच्या बायकांवर पडताळून बघितलंय."

"आन् घाण आत ऱ्हायली तर?"

"घाण कसली? रक्तच ते. तुमच्या-माझ्या अंगात असतं तेच."

सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "ही सुई नवीन निघाली आसंल."

"छे हो," डॉक्टरीणबाई केसपेपरवर लिहिता लिहिता म्हणाल्या. "मी शिकत होते तेव्हापासून आहे."

सुई नवीन असती तर फार बरं झालं असतं, असं मलाही वाटलं. निदान नशिबाला बोल लावता आला असता. डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे गेल्या. बाहेर व्हरांड्यात दीर पोराशी काहीतरी बोलत होते, त्यांचा आवाज आत येत होता. सासूबाई माझ्याजवळ वाकल्या आणि माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "थोरल्याला सांगू नगंस."