पेट्रोलचा काटा

नव्वदच्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यावर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची शेड. दुपारी तीनपर्यंत पत्रा तापून डोक्याचा भुगा व्हायचा. तेव्हा कुणी गाडी आणली की मनात यायचं, हा उद्या आला असता तर काय बिघडलं असतं?

अशाच एका दुपारी लाकडाचे एक व्यापारी आपल्या ड्रायव्हरला घेऊन आले. शेठ मूळचे उरणकडचे मुसलमान, राहायला वाशीला. सोसायटीत जागा नाही म्हणून त्यांची गाडी रात्री ड्रायव्हरच्या तळवलीतल्या अंगणात असायची. तक्रार अशी, की संध्याकाळी टाकी फुल केली तरी सकाळी काटा अर्ध्याखाली. शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, "मिस्त्री, आठ वर्षं आहे तो माझ्याकडे. तोंडावर विचारायचं जिवावर येतं. तुम्ही फक्त एवढं सांगा, गाडीत फॉल्ट आहे की नाही."

म्हणजे तो चोर आहे की नाही, हे मी सांगायचं होतं.

ड्रायव्हरला सगळं कळत होतं. "नीट बघा मिस्त्री," तो म्हणाला, "काटा येडा झालाय. मी थेंब पन काढला नाय."

त्या दिवशी टाकी अर्धी होती आणि काटाही मुकाट अर्ध्यावर होता. डॉक्टरसमोर दुखणं पळतं, तसलाच प्रकार. टाकीत पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटची वायर काढून मी गाडीच्या पत्र्याला टेकवली, काटा सरळ फुलवर गेला. म्हणजे मीटर ठीक, वायर ठीक. मग फ्लोट बाहेर काढला. खरं तर तेव्हा टाकीखाली झोपून तिचं अर्थिंग बघायला हवं होतं. पण सकाळपासून तीन गाड्यांखाली झोपून झालं होतं, कंबर धरली होती. मी फ्लोटला माझीच एक वायर लावली, तिचा चिमटा गाडीच्या पत्र्याला मारला आणि फ्लोटची दांडी वरखाली करू लागलो. आत काट्याकडे बघायला ड्रायव्हरलाच बसवलं होतं. तो मोठ्याने सांगत होता, "फुल... अर्धा... खाली... परत फुल." एकदाही खोटं सांगायचं त्या बिचाऱ्याला सुचलं नाही. तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

"गाडीत फॉल्ट नाही," मी शेठना सांगितलं.

ड्रायव्हरने चावी शेठच्या हातात न देता माझ्या टेबलावर ठेवली आणि रस्ता ओलांडून बसची वाट बघत उभा राहिला.

महिनाभराने शेठ स्वतःच गाडी चालवत आले. आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वतः टाकी फुल करून गाडी वाशीतच ठेवली होती. सकाळी काटा अर्ध्याखाली. तसेच पंपावर गेले, तर टाकीत वाटीभरही पेट्रोल मावेना.

या वेळी मी टाकीखाली झोपलो. टाकीवरून चासीला जाणारी अर्थिंगची वायर खाडीच्या खाऱ्या हवेने पार गंजली होती. एका खड्ड्यात सुटायची, दुसऱ्या खड्ड्यात लागायची. बोटाने दाबली की काटा वर, सोडली की खाली. त्या दिवशी फ्लोट तपासताना मी माझी चांगली वायर लावून हीच नेमकी वगळली होती. नवशिक्यालाही शोभू नये अशी चूक. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

शेड बंद करून मी शेठबरोबर तळवलीला गेलो. पडवीत ड्रायव्हरचे म्हातारे वडील एकटेच बसले होते. मुलगा आता उरणला, मोरा बंदरावर बर्फाचा टेम्पो चालवतो, घरी येत नाही, असं ते म्हणाले. शेठनी सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं.

"तुमी मिस्त्री? तुमी बोल्लात फॉल्ट नाय, म्हनून मी त्याला गावदेवीसमोर नारलावर हात ठेवाला लावला. सगल्या गावासमोर. त्यानं शपथ घेतली. तरी मी बोललो, तू देवीला पन फसवतंस. त्याच दिवशी तो गेला."

"चूक माझी होती," मी म्हणालो.

ते उठले, खुंटीवरचा सदरा घातला. "चला. मना त्याच्याकडं न्या."

मोऱ्याच्या धक्क्यावर तो बर्फाच्या लाद्या उतरवत होता. म्हातारा गाडीतून उतरला आणि भरल्या धक्क्यावर, कोळणींच्या देखत, त्याने मुलापुढे हात जोडले. मुलाने लादी तशीच खाली टाकली आणि बापाचे हात धरून सोडवले.

"बाबा, या उनात कशाला आलात?" एवढंच तो म्हणाला आणि त्यांना टेम्पोच्या सावलीत बसवलं.

शेठनी त्याला परत ये म्हटलं. तो म्हणाला, "नको शेठ, बरा हाय इकडं." माफीचे शब्द मी वाटेत जुळवून ठेवले होते, तेही सांगून झाले. त्याने माझ्याकडे न बघता "हां" म्हटलं आणि तो उरलेल्या लाद्या उतरवायला गेला.