पाचवा फाऊल

आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना अमेरिकेतल्या बास्केटबॉलचं भारी वेड. तिकडचे व्यावसायिक सामने आपल्याकडे सकाळी दिसतात, त्यामुळे परिपाठ उरकला की सर स्टाफरूममध्ये मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून बसतात आणि तिकडच्या पंचांना शिव्या घालतात. घरच्या संघाला झुकतं माप देतात, नावाजलेल्या खेळाडूच्या चुका पोटात घालतात, असं त्यांचं म्हणणं. मी या शाळेत तासिका तत्त्वावर खेळ शिकवते आणि बारावीपर्यंत बास्केटबॉल खेळले आहे, म्हणून परवा ते माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुम्ही सांगा. पंच पक्षपात करतात की नाही?"

"करतात."

"बघा! शेवटी माणूस आपल्या माणसाला सांभाळणारच."

मी चहाचा कप उचलला आणि मैदानाकडे निघाले. आपल्या माणसाला सांभाळणारे पंच असतीलही, माझ्या वाट्याला कधी आले नाहीत. माझ्या वाट्याला जो आला तो दुसराच प्रकार होता, आणि गणिताच्या सरांना तो मोबाईलवर जन्मात दिसणार नाही.

आमचं घर उस्मानपुऱ्यात. गल्लीत बहुतेक सगळे आमचेच, बौद्ध. गल्लीच्या तोंडाशी दुसऱ्या एका शाळेतले खेळाचे सर राहायचे. बास्केटबॉलच्या पंचाची परीक्षा पास झालेले ते गल्लीतले पहिलेच. मला पहिला बॉल त्यांनीच दिला, त्यांच्या शाळेनं बाद केलेला, साल निघालेला. पंचाचा करडा शर्ट ते स्वतः इस्त्री करायचे, बायकोला हात लावू द्यायचे नाहीत. "आपल्याला कुणी बोट दाखवायला जागा ठेवायची नाय," असं ते इस्त्री फिरवता फिरवता म्हणायचे. तेव्हा मला ते वाक्य फार आवडायचं. त्यामागे किती भीती आहे हे कळायला मला वेळ लागला. बाकीचे पंच चुकले तर चुकायचे. हे चुकले तर लोक त्यांची जात काढणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि ते खोटंही नव्हतं.

मी बारावीत असताना विभागीय स्पर्धा आमच्याच शहरात होती. जिंकणारा संघ राज्यस्पर्धेला जाणार होता. राज्याला पदक मिळालं की खेळाडूंच्या राखीव जागेवर पोलीस भरतीला उभं राहता येतं, हे आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. पप्पा कंपनीत कंत्राटी कामगार, आई अंगणवाडीत मदतनीस. मला वर्दी हवी होती. नुसती नोकरी नाही, वर्दीच. पुढच्या वर्षी मी वयोगटातून बाहेर पडणार होते, त्यामुळे जे काही व्हायचं ते त्याच वर्षी होणार होतं.

आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. समोर बाहेरच्या जिल्ह्याचा संघ. दोन पंचांपैकी एक आमच्या गल्लीतले सर. गल्लीत कळलं तेव्हा सगळे खूश. कुणाला वाटलं नाही की ही काळजीची गोष्ट आहे, मलासुद्धा नाही.

आईनं त्या दिवशी सुट्टी टाकली होती. ठेवणीतली साडी नेसून ती पायऱ्यांवर पहिल्याच रांगेत बसली. दोन्ही संघ मधल्या वर्तुळाशी आले, सर बॉल घेऊन मध्ये उभे राहिले, मैदान गप्प झालं. आणि आईनं, रोज गल्लीत घालते तशी, मोठ्यानं हाक घातली, "जय भीम, दादा! पोरीकडं जरा ध्यान असू द्या!"

तिच्या मनात काही नव्हतं. ती बसच्या कंडक्टरला सांगते, दवाखान्यातल्या नर्सबाईंना सांगते, लेकराकडं ध्यान असू द्या. पण समोरच्या संघाचे प्रशिक्षक खुर्चीतून उठले आणि आपल्या बेंचकडे बघून म्हणाले, "घ्या! निघाल्या ओळखी. यांचं सगळीकडं असतंय." त्यांच्या पोरी हसल्या. टेबलावर गुण लिहायला बसलेले दोघे सरांकडे बघायला लागले.

घराजवळ सर कुणाच्याही जय भीमला उत्तर दिल्याशिवाय राहायचे नाहीत. त्या दिवशी ते मान खाली घालून गळ्यातली शिट्टीची दोरी सारखी करत राहिले. मग त्यांनी बॉल वर फेकला.

माझे पहिले तीन फाऊल माझेच होते, ते मी नाकारत नाही. मी खेळायचेच तशी, अंगावर जाऊन. चौथ्याला मी पाय रोवून उभी होते, ती मुलगी येऊन माझ्यावर आदळली, तरी दोष मला लागला. ठीक आहे, असं होतं, त्यात दोन मतं होऊ शकतात. पण आमच्या पोरींना ढकललं की सरांची शिट्टी गप्प, आणि आमचा हात नुसता पुढे गेला की वाजलीच. दुसरे पंच लांबच्या टोकाला उभे राहून सगळं बघत होते. त्यांना काय पडलं होतं?

सामना संपत आला तरी आम्ही थोड्या गुणांनी पुढे होतो. त्यांची उंच मुलगी बॉल घेऊन आत घुसली. मी रिंगखाली दोन्ही हात सरळ वर करून उभी राहिले, चार फाऊल झाल्यावर माणूस जसा जीव मुठीत धरून उभा राहतो तशी. तिनं उडी मारली, बॉल तिच्याच हातातून निसटला आणि रेषेबाहेर गेला. माझा हात तिला लागला नव्हता. केसभरसुद्धा नाही.

सर लांब नव्हते, अगदी माझ्या शेजारी होते. शिट्टी त्यांच्या तोंडात होती. मी त्यांच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं. त्यांनी आधी समोरच्या बेंचकडे पाहिलं. प्रशिक्षक दोन्ही हात पसरून उभे होते. मग शिट्टी वाजली. मनगटावर हात आपटून त्यांनी टेबलाला खूण केली, हाताला लागलं, आणि माझा नंबर दाखवला.

पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. मी बेंचवर टॉवेल तोंडाला लावून बसले आणि त्या उंच मुलीनं फ्री थ्रो टाकले. नंतर आमच्या पोरी गोंधळल्या, बॉल हातातून जाऊ लागला, आणि आम्ही हरलो. आमच्या संघाच्या प्रशिक्षक मॅडमना मी म्हटलं, तक्रार करा. त्या म्हणाल्या, "कुणाची? आपल्याच माणसाची? मग तर ते लोक अजूनच हसतील." तिकडे समोरचे प्रशिक्षक सरांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवत होते. "मानलं सर तुम्हाला. मानलं!"

घरी आल्यावर आईनं ताट वाढलं आणि समोर बसली. मग म्हणाली, "माझ्यामुळं झालं का गं?"

"कामून? तुझा काय संबंध?"

"मी आवाज दिला, मग ते लोक बोलायले. दादा बी बिथरले."

मी तिच्याकडे न बघता भाकरी मोडली. "नाय आई. माझा हात लागला होता तिला. फाऊलच होता."

आई पुन्हा कधी कुठल्या मैदानावर आली नाही. खेळाडूंची जागा हुकली म्हणून मी भरतीला साध्या रांगेतून दोनदा उतरले, दोन्ही वेळा यादी थोडक्यात हुकली, मग वय गेलं. दर निकालाच्या दिवशी आई तोच प्रश्न विचारायची आणि मी तेच उत्तर द्यायचे, फाऊलच होता आई. रस्त्यात वर्दीतली बाई दिसली की आई माझ्या आधी मान वळवते. मला सरांचा राग आहे. त्यांची भीती मला समजते, आणि समजूनही राग जात नाही. अंगावरचा डाग पुसायला त्यांना फडकं हवं होतं आणि हाताशी मी होते.

त्या सामन्यानंतर सरांचं नाव झालं. हा माणूस स्वतःच्या गल्लीलाही सोडत नाही, असं लोक कौतुकानं सांगायचे. त्यांना मोठमोठ्या स्पर्धांना बोलावणी यायला लागली. गेल्या हिवाळ्यात ते निवृत्त झाले, तेव्हा एका हॉलमध्ये सत्कार ठेवला होता. सगळी गल्ली निघाली म्हणून आईही आली. आम्ही दोघी मधल्या रांगेत बसलो.

हार-तुरे झाले, शाल झाली. सर बोलायला उभे राहिले आणि तीच गोष्ट सांगायला लागले. "माझ्याच गल्लीतली पोरगी. तिच्या आईनं भर मैदानात हाक घातली, दादा, ध्यान असू द्या!" त्यांनी आईचा आवाजही काढला. हॉल हसला. आईनं पदर ओढून घेतला आणि मांडीवरच्या पिशवीकडे बघत राहिली.

"पण मी त्याच पोरीला पाचवा फाऊल दिला. शिट्टी हातात असली की नातं नसतं!" कडकडून टाळ्या पडल्या. तेवढ्यात त्यांना मी दिसले. "अरे, ती इथंच आहे! ऊठ बेटा. सांग सगळ्यांना, लागला होता ना हात?"

मी उठले. कुणीतरी मला दुसरा माईक आणून दिला. इतकी वर्षं मी हा प्रसंग मनात कितीदा जुळवला होता. उत्तर जिभेवर होतं, दोन-तीन शब्दांचं, आणि त्या शब्दांनी त्यांच्या खांद्यावरची शाल तिथल्या तिथे उतरली असती. पुढच्या रांगांमधले लोक वळून हसत बघत होते. मी सरांकडे बघितलं. ते हसत होते, पण माईक धरलेला हात ओठांपासून खाली आला होता.

मग मी शेजारी बघितलं. आई मान वर करून माझ्याकडे बघत होती.

"लागला होता, सर," मी म्हटलं.

पुन्हा टाळ्या पडल्या. सर खाली बसले. जेवण न करताच आम्ही दोघी बाहेर पडलो. रिक्षात आईनं माझा हात धरला, मांडीवर ओढून घेतला आणि बरीच वर्षं ऐकला नव्हता अशा मोकळ्या आवाजात म्हणाली, "तू घरी सांगायची तवा मला खरं वाटायचं नाय. वाटायचं, माझं मन राखायली. आज चार माणसांत सांगितलंस, तवा पटलं बाई."